एकशे त्रेपन्न दाते

इराकमधल्या नासिरियाच्या सिनाई मोहल्ल्यात, जिथे गाड्या दुरुस्त होतात आणि माणसं काळी होतात, तिथे उस्ता, म्हणजे मिस्त्री, चासिबच्या गॅरेजवर पाटी नव्हती. शत्रा किंवा सूक अश-शुयूख या जवळच्या गावांहून आलेले ड्रायव्हर कोपऱ्यावरच्या चहावाल्याला ‘तो कानवाला उस्ता कुठे बसतो’ एवढंच विचारत. चासिब बॉनेट उघडू द्यायचा नाही. इंजिन चालू ठेवायला सांगायचा, बाजूला उभा राहून मान थोडी तिरकी करायचा आणि दोन मिनिटांत सांगून मोकळा व्हायचा : तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह, पाण्याच्या पंपाचं बेअरिंग, जे काय असेल ते. तीस वर्षांत तो चुकल्याचं फारसं कोणाला आठवत नव्हतं. वय अठ्ठावन्न. मूलबाळ झालं नाही, म्हणून लोक रीतीप्रमाणे त्याला अबू गायब म्हणत, न आलेल्याचा बाप. त्याचं त्याला आता काही वाटत नसे.

नाकेबंदीचं सातवं वर्ष चालू होतं. नवा सुटा भाग बाजारात दिसेनासा झाला होता. एका गाडीचं काढून दुसरीला लावायचं, ट्रकचं कापून मोटारीला बसवायचं, असं सगळ्या मोहल्ल्याचं चाललेलं. हिवाळा नुकता सुरू झाला होता. अशा एका सकाळी तस्वाहन आपली पिकअप घेऊन आली.

तस्वाहन म्हैसवाली बाई होती. दलदल आटल्यावर तिच्या माणसांनी म्हशी सूक अश-शुयूखच्या पुढे, नदीकाठी आणून बांधल्या होत्या. एक्याण्णव साली नवरा गेला. मुलगा सब्री सैन्यात, मोसुलला; त्याच्यावरून लोक तिला उम्म सब्री, सब्रीची आई, म्हणत. नवऱ्याची जुनी आठ सिलिंडरची अमेरिकन पिकअप ती स्वतः चालवायची आणि रोज पहाटे गेमरचे, म्हणजे म्हशीच्या दुधाच्या जाड सायीचे थाळे घेऊन शहराच्या बाजारात यायची. बाजारात तिला वाट करून द्यायला पुरुषही मागे सरत. ती लहानथोर सगळ्यांनाच अरे-तुरे करायची.

तक्रार अशी होती की किल्ली फिरवली की स्टार्टर नुसता घरघरायचा आणि इंजिन काही फिरायचं नाही. मग ती खाली उतरायची, गाडी गिअरमध्ये टाकायची, खांदा लावून वीतभर पुढे ढकलायची आणि पुन्हा किल्ली फिरवायची. तेव्हा कुठे दाते धरायचे. पहाटेच्या थंडीत हे तीनतीनदा करावं लागे. तिने हे सगळं चुलीच्या धुराची तक्रार सांगावी तशा आवाजात सांगितलं.

चासिबने गाडीखाली शिरून स्टार्टर उतरवला. स्टार्टरच्या टोकाला नऊ दात्यांचं छोटं चाक असतं. किल्ली फिरवली की ते पुढे सरकतं, इंजिनामागच्या जड फ्लायव्हीलच्या कडेला बसवलेल्या दातेरी कड्याला धरतं आणि इंजिन फिरवतं. इंजिन सुरू झालं की त्याने लगेच मागे यायचं. चासिबने पाना लावून इंजिन हाताने हळूहळू फिरवत कड्याचे सगळे दाते पाहिले. चार ठिकाणी ते कुरतडल्यासारखे झाले होते. त्यात नवल नव्हतं. आठ सिलिंडरचं इंजिन बंद होताना फिरून फिरून त्याच चार जागी थांबतं आणि दर वेळी मार त्याच दात्यांना बसतो.

नवं कडं मिळणं शक्य नव्हतं. पण कड्याची दुसरी बाजू कोरी होती. चासिबने गिअरबॉक्स उतरवला, फ्लायव्हील काढलं आणि ते खांद्यावर घेऊन समोरच्या झहरूनकडे गेला.

झहरून हा मोहल्ल्यातला टर्नर. मंदाई, म्हणजे पाण्यात बुडी घेऊन प्रार्थना करणाऱ्यांपैकी. त्याचे भाऊबंद चांदीवर नक्षी करत. हा एकटा लोखंडात शिरला होता. चासिबची आणि त्याची पंचवीस वर्षांची बैठक होती. दुपारचा चहा एकाच केटलीतला, भांडणंही ठरलेली. कडं उलटं बसवायचं म्हटल्यावर झहरूनने होकाराची मान हलवली. छिन्नीचे चार ठोके घालून त्याने जुनं कडं सुटं केलं आणि सोड्याच्या पाण्यात धुऊन दिलं.

कडं तापवल्याशिवाय परत बसत नाही. तापलं की ते केसभर फुगतं, तेवढ्यात फ्लायव्हीलवर टाकायचं, मग थंड होताना ते स्वतःच आवळून बसतं. गॅसच्या ज्योतीने एकाच जागी जास्त तापतं आणि पोलाद मऊ पडतं. म्हणून चासिब कडं घेऊन गल्लीच्या टोकाच्या समून-भट्टीत गेला. भट्टीवाल्याने आधी नाक मुरडलं. पावाला डिझेलचा वास लागला तर गिऱ्हाईक तुझ्याकडे पाठवीन, म्हणाला. पण सकाळची शेवटची समून निघाल्यावर त्याने कडं आत सरकवू दिलं. अर्ध्या तासाने ते फिकट सोनेरी झालं. चासिब आणि झहरून दोघांनी चिमट्यांनी ते उचललं, हातगाडीवर ठेवलेल्या फ्लायव्हीलवर टाकलं, लाकडी हातोडीने चार ठोके दिले. कडं जागेवर गेलं आणि टिकटिक करत थंड होऊ लागलं.

खरं काम पुढेच होतं. मूळ बाजूच्या दात्यांना तोंडाशी तिरकस घासलेलं असतं, म्हणजे छोटं चाक सरकून येताना अडत नाही. उलट्या बाजूला तशी घासणी नसते. कड्याला एकशे त्रेपन्न दाते होते आणि प्रत्येकाच्या तोंडाला कानस लावून तिरका काठ काढायचा होता. चासिब दोन दिवस ते करत बसला. दर दहा दात्यांना खडूची खूण करायचा. त्याच वेळात झहरूनने मोडक्या ट्रकच्या आसाच्या पोलादातून नऊ दात्यांचं नवं चाक कापलं आणि त्याला पाणी दिलं, म्हणजे लाल तापवून बुडवून कडक केलं.

तिसऱ्या दिवशी सगळं जोडून झालं. आता राहिला स्टार्टर लावायचा. या गाडीत स्टार्टर इंजिनाच्या पोटाला खालून दोन लांब बोल्टांनी टांगलेला असतो. दाते दात्यांत किती खोल शिरावेत हे मध्ये पत्र्याची पट्टी घालून ठरवायचं. पट्टी वाढली की स्टार्टर खाली जातो आणि धर सैल होते. कमी केली की आवळते. रेशनच्या तुपाचे डबे कापून चासिबने अशा पट्ट्या करून ठेवल्या होत्या. मापायला त्याने कधी काही वापरलं नव्हतं. सैल असेल तर इंजिन फिरताना बारीक किंचाळी येते, आवळ असेल तर इंजिन सुरू होऊन किल्ली सोडताना शीळ वाजते. दोन्ही नसेल तोवर पट्ट्या बदलत राहायचं, इतकीच त्याची पद्धत.

त्याने एक पट्टी घातली. तस्वाहनने किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच फेरीत पेटलं. चासिब खालून बाहेर आला, हात पुसत म्हणाला, झालं.

“शीळ वाजते उस्ता,” तस्वाहन म्हणाली.

“कुठे?”

“किल्ली सोडते तेव्हा. बारीक. केटलीच्या तोंडून येते तशी.”

चासिबने पुन्हा फिरवायला लावलं. मान तिरकी करून उभा राहिला. त्याला इंजिन ऐकू आलं, पंखा ऐकू आला, सायलेन्सरची सैल पट्टी ऐकू आली. शीळ नव्हती. तो म्हणाला, उम्म सब्री, पंख्याच्या पट्ट्याचा आवाज असेल, नवं काम आहे, चार दिवसांत बसेल.

“तुझा कान, बाबा. मी काय, म्हशीवाली,” असं म्हणून तिने गिअर टाकला.

अकरा दिवसांनी ती परत आली ती ट्रॅक्टरला दोर बांधून. भर रस्त्यात, सूक अश-शुयूखच्या पुलाअलीकडे, गाडी बंद पडली होती आणि पुन्हा सुरूच झाली नव्हती. किल्ली फिरवली की आत काहीतरी खडखडायचं. गेमरचे सहा थाळे उन्हात बसले होते. बाजारातल्या दोन कायमच्या गिऱ्हाइकांनी दुसरीकडून घेतलं होतं. तिने हे सांगितलं आणि दारातल्या टायरवर बसली. आवाज चढवला नाही.

चासिबने स्टार्टर उतरवला. पुढचं ॲल्युमिनियमचं तोंड तडकलं होतं. छोट्या चाकाचे दाते टोकाशी निळे पडले होते, तीन झिजून सुरीसारखे झाले होते. ही खूण त्याने शेकडो वेळा पाहिली होती आणि दुसऱ्यांच्या कामात ती दिसली की तो हसायचा. धर आवळ होती. इंजिन पेटल्यावर चाकाला मागे यायला वाव मिळत नव्हता आणि इंजिन त्याला आपल्याबरोबर फरफटत नेत होतं.

आवळ ठेवणारा तो स्वतः होता. हे कळायला वेळ लागला नाही, पण मानायला लागला. त्याने चाक हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि त्याच्या डोक्यात आलं की पोलादच वाईट असणार. झहरूनने पाणी नीट दिलं नसेल. चाक मुठीत धरून तो रस्ता ओलांडून गेला.

झहरून लेथवर एक लांब सळई घासत होता. दुकानात आणखी दोघे बसले होते, एक भट्टीवाला आणि एक बॅटरीवाला. चासिबने चाक लेथच्या पाट्यावर ठेवलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला की हे पोलाद होतं की साबण. भट्टीवाला चहाच्या ग्लासात बघू लागला. झहरून चाक उचलून उजेडात बघत राहिला. मग त्याने ते खिशात टाकलं, मागच्या बाजूला वाकून काहीतरी पुसलं आणि लेथ पुन्हा चालू केला.

सळई फिरू लागली. चासिब बोलतच होता. तीस वर्षांत आपल्या हातून असं झालं नाही, नाकेबंदीत माणसं कामात पाणी घालायला लागली आहेत, मंदाई असो की मुसलमान. बॅटरीवाल्याने दोन्ही कानांवर तळवे दाबले. भट्टीवाला ग्लास टाकून दाराशी गेला. चासिबला त्यांचं वागणं समजेना. झहरून त्याच्या तोंडाकडे बघत होता. मिनिटभराने त्याने बटण दाबलं. लेथ थांबला.

“काय ऐकलंस?” झहरूनने विचारलं.

“काय ऐकायचं? तुझी मोटर. पट्टा. पट्ट्याचा सांधा एका जागी टपटपतो.”

“आणखी?”

“आणखी काही नाही.”

झहरूनने लेथच्या मागच्या टोकाकडे बोट दाखवलं. फिरत्या सळईला तिथे एक टोकदार पोलादी खिळा टेकू देतो आणि त्याच्यावर सतत ग्रीस लागतं. आता तो खिळा कोरडा होता, टोक काळं पडलं होतं, त्यातून धूर निघत होता.

“मी ग्रीस पुसलं,” झहरून म्हणाला. “हा किंचाळत होता चासिब. गल्लीच्या तोंडापर्यंत गेला असेल आवाज. तुला नाही आला.”

चासिबने हात पुढे करून त्या खिळ्याला स्पर्श केला आणि चटका बसल्यावर मागे घेतला. मग तो म्हणाला की परत चालू कर. झहरूनने ग्रीस न लावता पुन्हा चालू केलं. चासिब लेथला जवळजवळ नाक लावून उभा राहिला. पट्ट्याचा सांधा टपटपला. मोटर घुमली. दाराशी उभ्या भट्टीवाल्याचा चेहरा आंबट झाला. यावरून त्याला कळलं की आवाज आहे.

त्या दिवशी त्याने गॅरेज दुपारीच बंद केलं. तस्वाहनला सांगितलं की उद्या या. ती ट्रॅक्टरवर बसून गेली.

घरी बायको, फखरिया, वाटाणे सोलत होती. त्याने तिला एकच विचारलं, मला कधीपासून कमी ऐकू येतं. तिने वाटाण्यांवरून हात काढला नाही. म्हणाली की बोलणं तुम्हाला सगळं ऐकू येतं. केटली शिट्टी वाजवत उतू जाते आणि तुम्ही शेजारी बसून असता, त्याला दोन हिवाळे झाले. सांगितलं का नाहीस, असं त्याने विचारलं नाही. पण तिनेच सांगितलं.

“मला वाटलं, केटली उचलणं माझ्यावर सोपवलंय तुम्ही. मग राग धरून मीही काही बोलले नाही.”

त्याने तिच्याबरोबर वाटाणे सोलले. जेवणात त्याने पाव दोनदा मागून घेतला.

सकाळी तो आधी झहरूनकडे गेला. कालच्या साबणाबद्दल माफी मागायची म्हणून गेला होता, पण दारात पोचेपर्यंत शब्द काही जमले नाहीत. झहरूनने नवं चाक कापायला घेतलंच होतं. चासिबने फक्त एवढंच विचारलं की फट मापायला काय वापरतात. मागच्या पिढीतले इंग्रजांच्या वर्कशॉपमधले कामगार एक तार वापरत, असं त्याने ऐकलं होतं आणि त्यावर हसलाही होता. झहरूनने भावाकडून चांदीकामाची, तार ओढायची भोकाभोकांची पट्टी आणली. पितळेची तार एकेका भोकातून ओढत बारीक केली आणि शेवटी मायक्रोमीटरवर धरली. पाऊण मिलिमीटरच्या किंचित वर. बोटभर तुकडा कापून त्याने चासिबच्या हातावर ठेवला.

“एवढी जागा राहिली पाहिजे,” म्हणाला. “हिला कान लागत नाही.”

चासिब ते ऐकून हसला नाही, रागावलाही नाही. तार त्याने पाकिटात ठेवली.

भंगारातल्या एका स्टार्टरचं तोंड त्याला बसतं मिळालं. चाक दुपारी तयार झालं. तस्वाहन आली तोवर स्टार्टर लागला होता आणि चासिब गाडीखाली पाठीवर पडलेला होता. बॅटरीची तार त्याने सोडवून ठेवली होती. फ्लायव्हीलखालचा पत्रा काढून त्याने स्क्रूड्रायव्हरने छोटं चाक पुढे सरकवलं, कड्याच्या दात्यांत घातलं आणि एका दात्याचं टोक व समोरचा खड्डा यांच्यामध्ये पितळेची तार सरकवून पाहिली. तार शिरेना. म्हणजे बारा दिवसांपूर्वी त्याने जितकं ठेवलं होतं तितकंच आवळ होतं. त्याने बोल्ट सैल करून आणखी एक पट्टी घातली. तार शिरली आणि हलू लागली.

तो बाहेर आला, बॅटरी जोडली आणि गाडीच्या दरवाजाशी उभ्या तस्वाहनकडे गेला. एवढा वेळ त्याने काय सांगायचं ते मनात घोळवलं होतं. आता ते त्याने सरळ सांगितलं.

“उम्म सब्री, मागच्या खेपेला चूक माझी होती. शीळ होती. मला ती ऐकू येत नाही. आजही येणार नाही. तुम्ही किल्ली फिरवा आणि काय वाजतं ते मला सांगा.”

तस्वाहन म्हणाली, “किती दिवस झाले?”

“बायको म्हणते दोन वर्षं.”

“माझ्या सासऱ्याचं असंच होतं. पाखरं गेली असं म्हणायचा. पाखरं होती तिथेच.” ती गाडीत चढली.

तिने किल्ली फिरवली. इंजिन पेटलं. चासिबने बॉनेटवर तळवा ठेवला होता. बंद करा, असा त्याने हात केला.

“किल्ली सोडताना काही नाही,” ती म्हणाली. “फिरताना मात्र वाजतं. आधी वाजायचं त्याहून बारीक.”

चासिब पुन्हा खाली गेला. दुसरी पट्टी जाड होती आणि तार त्याने एकाच दात्यात पाहिली होती. कडं इतकी वर्षं वापरलेलं, सगळीकडे सारखं गोल कुठून असणार. इंजिन हाताने थोडंथोडं फिरवत त्याने चार जागी तार घातली. एके ठिकाणी ती आत लोळत होती. त्याने जाड पट्टी काढली, डब्याच्या झाकणाचा पातळ पत्रा कापून घातला, बोल्ट आवळले, चारही जागा पुन्हा तपासल्या. आता सगळीकडे तार जरा अडत, पण जात होती. या सगळ्यात तासभर गेला. आधी तो याला दहा मिनिटं लावायचा.

त्याने दहा वेळा किल्ली फिरवायला सांगितली. दर वेळी तस्वाहन खिडकीतून मान बाहेर काढून सांगायची : नाही. नाही. नाही. सातव्या वेळी ती थांबली. चासिब जागचा हलला नाही. ती म्हणाली की हा गाढवाचा आवाज, गल्लीतला. आठवी, नववी, दहावी, काही नाही.

दोन माणसं हे बघत उभी होती. त्यांतला एक शत्राचा टॅक्सीवाला, चासिबचं जुनं गिऱ्हाईक. त्याने नंतर चहावाल्याकडे सांगितलं की कानवाल्या उस्ताला आता बाईमाणूस ऐकून सांगतं. हे दोन दिवसांत मोहल्लाभर झालं. पुढच्या महिन्यात शत्राच्या तीन-चार गाड्या दुसऱ्या गॅरेजांसमोर उभ्या दिसल्या. चासिबने त्या पाहिल्या. त्याने इंजिनाच्या आवाजावरून निदान करणं सोडलं नाही. ठोके, घरघर, बेअरिंगचं रडणं हे सगळं त्याला पूर्वीइतकंच ऐकू यायचं. पण बारीक आवाजाचं काम आलं की तो गिऱ्हाइकाला आधीच सांगायचा आणि तार काढायचा. काही जण थांबत. काही जण, बघू, म्हणून निघून जात.

हे सगळं नंतरचं. त्या दुपारी तस्वाहनने इंजिन चालूच ठेवलं, कारण म्हशींचं दूध काढायची वेळ होत आली होती. तिने गाडी मागे घेतली, वळवली आणि गल्लीत पुढे गेल्यावर थांबवून खिडकीतून काहीतरी म्हणाली. चासिबला तिचे ओठ हलताना दिसले. त्याने मान डोलवली नाही. हातातलं फडकं टाकून तो गाडीपर्यंत चालत गेला आणि खिडकीशी वाकून म्हणाला, परत सांगा.

तिने सांगितलं की डावा दिवा पण लागत नाही.

तो स्क्रूड्रायव्हर आणायला मागे वळला.